पंचविसावं चित्र

४ मार्च

दादा,

मोठ्या भावाला पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं असतं ते मला पाठ आहे. पण एकोणपन्नास वर्षं न बोललेल्या बहिणीने एकदम तीर्थरूप म्हणून हाक मारली तर तूच हसशील. म्हणून नुसतं दादा.

पत्ता बाबांच्या कपाटातून घेतला. तू त्यांना दर वर्षी कार्ड पाठवायचास, त्यावर दोनच शब्द, 'ठीक आहे'. ती सगळी कार्डं त्यांनी शिवणीच्या दोऱ्याने बांधून ठेवली होती. शेवटचं ते गेले त्या वर्षीचं, म्हणजे एकवीस वर्षं झाली. त्यावर तुझ्या चष्म्याच्या दुकानाचा शिक्का आहे. दुकान आता तिथे नसेल तर हे पत्र कुणा परक्याच्या हाती पडेल. त्या परक्याला विनंती, की फाडू नका, वाचा. गोष्ट चांगली आहे.

मी सार्वजनिक ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक लांब टेबल, बांधलेली पुस्तकं दाबायचा बाबांचा लोखंडी शिकंजा आणि नळ असलेली मोरी. सोमवारी नदीमोजणी कार्यालयातून सहा जाड नोंदवह्या आल्या. रोज सकाळी पाणी किती चढलं, किती उतरलं, एवढंच त्यांत लिहिलेलं. त्यांच्या गोदामाचं छत गळलं आणि वह्या भिजल्या. पहिली वही हातात घेतली तर पुठ्ठ्याचा कोपरा फुगून पापुद्रे सुटले होते. टंचाईच्या वर्षांतला पुठ्ठा, रद्दीचे कागद एकावर एक चिकटवून केलेला. तसे पुठ्ठे आपल्या बाबांशिवाय कोण करायचं?

त्या पापुद्र्यांतून एक शेपूट बाहेर आलं होतं. शेपटीला गाठ.

मी खाली बसले.

तुला सांगायला नको, पण परक्या वाचकासाठी सांगते. आमची आई शिळाछापखान्यात दगडावर चित्रं काढायची. छापताना सुलट यावं म्हणून सगळं उलटं काढायचं, अक्षरंसुद्धा. तिने आयुष्यात एकच पुस्तक केलं, 'खुडबुडे'. वीतभर उंचीचे जीव, माणसांच्या घरात राहणारे. डाव्या पायाचा मोजा लपवायचे, एका बरणीचं झाकण दुसरीला बसवायचे, आजोबांचा चष्मा आजोबांच्याच कपाळावर सरकवून पळायचे. काही विसरू नये म्हणून शेपटीला गाठ मारायचे आणि गाठ कशाची तेच विसरायचे. आमच्या गावात एकही घर असं नव्हतं जिथे हरवलेल्या वस्तूचं खापर खुडबुड्यांवर फुटलं नाही. मुलांनी ते पुस्तक इतकं वाचलं, की वाचून वाचूनच संपवलं. छापखान्याने दगड घासून त्यांवर बिस्किटांची लेबलं छापली. ग्रंथालयात आता फक्त सूचीतलं कार्ड उरलंय, त्यावर शेरा, 'हरवले'.

उरली होती आईची स्वतःची प्रत, न बांधलेली, सुटी पंचवीस चित्रं. बाबा ती बांधणार होते. गावभरच्या पुस्तकांना बाबा पुठ्ठे घालायचे, पण बायकोच्या पुस्तकाला साजेसं कापड त्यांना कधी मिळालंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आई गेल्यावर ते कागद लाकडी पेटीत गेले.

मग एक दिवस पेटी रिकामी निघाली, आणि आठवड्याने तू घर सोडलंस. कागदांचं काय झालं याबद्दल आपल्या घरात एकच गोष्ट धरून चाललो आम्ही. त्याबद्दल मला तुला काहीतरी सांगायचं आहे. ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण शेपटीवरच पान संपलं.

धाकटी


११ मार्च

दादा,

उत्तराची वाट न बघता लिहिते. पोटात मावत नाही.

पुठ्ठा कोमट पाण्यात ठेवला. बाबा हाडांचा सरस वापरत असते तर सगळं संपलं होतं. पण त्यांची मैद्याची खळ, मोरचूद घालून शिजवलेली. मोरचुदामुळे इतकी वर्षं कसर लागली नाही, आणि मैद्यामुळे पाण्याने ती सोडलीसुद्धा. पहिला तास काहीच झालं नाही. मी तिथेच उभी, दूध उतू जाईल म्हणून उभं राहतात तशी. मग कडेचा एक कागद हलला. हाडाची पट्टी आत सरकवली आणि श्वास धरून ओढली. आधी रद्दी निघाली, कुठल्यातरी गिरणीच्या जाहिराती. एक, दोन, तीन, चार.

पाचवा कागद उलटला, आणि पाण्याखालून ते वर बघत होते.

मला हे नीट लिहिता येत नाही, दादा. आपण घरात त्यांना पाहिलं ते कोरडे, हातातल्या कागदावर. इथे ते पाण्यात हलत होते. पहिलंच चित्र, खुडबुडे भिंतीच्या फटीतून एकामागून एक बाहेर पडतात ते. पिवळा रंग अजून पिवळा. आईची ती बारीक, थरथरती रेघ, बोटाची कातडी दुखेल इतकी बारीक. मोजून सतरा जण, आणि सगळ्यात शेवटी बोटभर. बाकीचे वीतभर आणि हा एकटा बोटभर, म्हणून तूही मला त्याच नावाने हाक मारायचास. मी मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, तुम्ही इथे होतात?" आणि मग रडले. अठ्ठावन्न वर्षांची बाई मोरीपाशी उभी राहून रडते आहे, हे बघून ग्रंथालयाचा शिपाई आल्या पावली परत गेला.

विचार कर. कार्यालयातला कुणी माणूस रोज सकाळी ही वही उघडत होता, 'पाणी दोन बोटं चढलं' लिहीत होता, आणि त्याच्या तळहाताखाली, पुठ्ठ्याच्या आत, खुडबुडे बसले होते. इतकी वर्षं. त्यांच्या सगळ्या खोड्यांत ही सगळ्यात मोठी.

एका पुठ्ठ्यात दहा कागद, त्यांतले मधले दोन आईचे. कुणीतरी रद्दी कमी पडली म्हणून भर घातलेली दिसते.

कुणीतरी असं लिहिलंय मी. तसंच राहू दे आज.

धाकटी


१९ मार्च

दादा,

पाच वह्या झाल्या, वीस चित्रं हाती आली. आता ही गोष्ट माझ्या एकटीची राहिलेली नाही.

आमच्या ग्रंथपालबाई कडक आहेत. वाचनालयात कुणी शिंकलं तरी चष्म्यावरून बघतात. त्या आल्या, टिपकागदावर वाळत ठेवलेल्या चित्रांसमोरून एकदा गेल्या, परत पहिल्यापाशी आल्या आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. लहान मुलांना हात लावू नको म्हटलं की ती उभी राहतात तशा. मग म्हणाल्या, "मला वाटायचं हे मी स्वप्नात पाहिलं होतं. घरी कुणालाच आठवत नव्हतं. म्हटलं, आपल्याच डोक्यातलं असेल."

शिपाईमामांची तर वेगळीच तऱ्हा. मामा म्हणजे पुढच्या वर्षी निवृत्त होणारे, बोलणं तोलून मापून. मी अकरावं चित्र सोडवत होते. वरचा कागद अजून निघाला नव्हता, खालची एक ओळही दिसत नव्हती. मागून त्यांचा आवाज आला:

"गाठ बांधली, घट्ट बांधली,
कशाची ते विसरून गेली;
विसरलेलं आठवायला
शेजारी अजून एक बांधली."

कागद निघाला. खाली तेच होतं, अक्षर न अक्षर. मामा स्वतःच दचकले. म्हणाले, "बाई, मला काल जेवलो काय ते आठवत नाही. हे कुठून आलं?" मला वाटतं ते तिथेच होतं, पुठ्ठ्यात होतं तसं. भिजायची वाट बघत होतं.

आता गंमत ऐक. गोष्टीचा शेवट काय, हे कुणालाच माहीत नाही. ग्रंथपालबाई म्हणतात, खुडबुडे घर सोडून जातात. मामा म्हणतात, झोपतात. वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर म्हणतात, शेवट नव्हताच. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की प्रत्येकाने पाहिलेल्या प्रतीचं शेवटचं पान फाटलेलं होतं. मुलांच्या पुस्तकाचं शेवटचंच पान आधी जातं. मलाही ठाऊक नाही. तू वाचून दाखवायचास आणि शेवटाआधी मला झोप लागायची. सकाळी विचारलं की म्हणायचास, "जागी राहिलीस तर कळेल."

उरलेल्या वहीत चार चित्रं निघतील. म्हणजे चोवीस. पंचविसावं तिथे नसणार.

ते मला आधीच कसं माहीत, हे तू विचारशील.

धाकटी


२ एप्रिल

दादा,

चोवीस झाली. पंचविसावं नाही. आता माझ्याकडे टाळायला काही उरलं नाही.

ते पुठ्ठे बाबांनी केले नव्हते. मी केले होते.

बाबा त्या दिवशी छापखान्यात गेले होते. सहा वह्यांचे बारा पुठ्ठे संध्याकाळच्या आत शिकंज्यात जायला हवे होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं होतं. तू तर बाईंडिंग शिकणारच नाही म्हणून त्यांच्याशी भांडून बसला होतास. नऊ वर्षांची मी, मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. खालच्या फळीवरची रद्दी संपली तेव्हा प्रत्येक पुठ्ठ्याला दोन-दोन कागद कमी पडत होते. पेटीत कागद होते, पालथे; मला वाटलं तीही रद्दीच. मी वरून उचलत गेले.

तिसरा उचलताना उलटला आणि मला शेपूट दिसलं.

तिथे थांबता आलं असतं. दोनच गेले होते आणि खळ ओली होती. पण बाबांचा नियम तुला माहीत आहे, खळ लावलेला कागद परत उचलायचा नाही, फाटतो. मी त्या नियमाला धरून बसले. मनाशी म्हटलं, दोन गेलेच आहेत, पुस्तक तसंही अपुरं झालं. आणि बारा पुठ्ठे झाले नाहीत तर बाबा मला परत काम देणार नाहीत. मग मी उरलेले कागद न बघता लावले. न बघता म्हणजे मान वळवून. आईचं पुस्तक मी चुकून नाही लावलं, दादा. पहिले दोन कागद चुकून. बाकीचे जाणूनबुजून.

चोवीसात काम भागलं. उरलेल्या पंचविसाव्यावर हात होता तेवढ्यात बाबांच्या सायकलची घंटी वाजली. मी तो टेबलावर टाकला आणि आतल्या खोलीत शिकंजा आवळायला धावले. परत आले तर टेबल रिकामं. तू दाराशी चपला घालत होतास. वाऱ्याने उडाला असेल, मोरीत गेला असेल, अशी मी समजूत घातली. समजुती घालण्यात माझा हात धरणारं तेव्हाही कुणी नव्हतं.

चार दिवसांनी बाबांनी पेटी उघडली. मला विचारलं, "कागद कुठे आहेत?" मी म्हणाले, "दादाला विचारा."

एवढंच. मी खोटं बोलले नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. विचारा म्हणाले, त्यात खोटं काय? तू माझ्याकडे पाहिलंस. मग बाबांना म्हणालास, "मी फेकले." आणि त्यांनी तुझ्यावर हात उचलला. आयुष्यात एकदाच. मी दाराआड उभी राहून माझ्या नखांतली वाळलेली खळ काढत होते.

तू असं का म्हणालास ते मला कळलं नाही. वाटलं, भांडणाच्या भरात, बाबांना लागावं म्हणून. तू गेल्यावर तसंच धरून चालणं सोयीचं होतं. बाबांनी मला हाताशी धरलं, सगळं शिकवलं. तुझी जागा मला मिळाली. ते जाण्याआधी सहा महिने अंथरुणाला खिळून होते, रोज सांगायची संधी होती. मी रोज औषध दिलं आणि उशी सरळ केली.

ते गेले त्या दिवशी तू आलास, दारातच उभा राहिलास आणि पाणी न पिता गेलास. तेव्हाही मी हाक मारली नाही.

क्षमा मागायला हवी, पण त्या शब्दाला मी अजून हात लावलेला नाही. आधी तुला खरं कळू दे. मग तुला काय वाटेल ते वाटो.

तुझी बहीण


२३ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. नाहीतर दुकान गेलं असेल आणि तो परका माणूस सगळं वाचून गप्प बसला असेल. त्यालाही दोष नाही.

काम चालू आहे, तेवढं कळवते. चोवीस चित्रं धुऊन, दाबून सपाट झाली. खळीचा एक कण ठेवला नाही. ग्रंथपालबाई म्हणतात, पंचविसाव्या जागी कोरा कागद घालू आणि खाली लिहू, 'मिळाले नाही'. कापड मी निवडलं, साधं, गडद हिरवं. बाबांना तेही पसंत पडलं नसतं.

धाकटी


९ मे

दादा,

काल दुपारी शिपाईमामा एक चपटं, जड पार्सल घेऊन आले. तोंडावर विचित्र भाव. म्हणाले, "बाई, रागावू नका, पण हे पार्सल पुस्तकातल्या माणसाच्या नावाने आलंय." वर लिहिलं होतं, 'बोटभर, दुरुस्ती विभाग, सार्वजनिक ग्रंथालय'.

मी म्हणाले, "मामा, तो मीच."

दोन काचा, कडा इतक्या गुळगुळीत घासलेल्या, की चष्म्याच्या माणसाचंच काम. मधे कागद. दोरीची गाठ सुटेना, शेवटी ग्रंथपालबाईंनी कात्री चालवली.

शेवट असा आहे. तुला पाठच असेल, पण मला लिहू दे. सतरा खुडबुडे रांगेत उभे आहेत, आणि प्रत्येक जण पुढच्याच्या शेपटीची गाठ सोडतो आहे. कुणी दात लावलेत, कुणी पाय रोवलेत, आईने प्रत्येकाची वेगळी खटपट काढली आहे. खाली ओळी:

"आपली गाठ आपल्यामागे,
हात काही पुरत नाही;
पुढच्याची तू सोडत जा रे,
मागचा काही विसरत नाही."

रांगेत सगळ्यात शेवटी बोटभर. त्याच्या मागे कुणीच नाही. म्हणून तो मान वळवून चित्राबाहेर बघतो आहे, वाचणाऱ्याकडे, आणि शेपूट पुढे करतो आहे.

आणि त्या कोपऱ्यात एक हात उमटला आहे. खळीचा, मोरचुदाने फिकट निळसर झालेला. नऊ वर्षांच्या मुलीचा डावा हात. पाचही बोटं स्पष्ट.

म्हणजे तू त्या दिवशी टेबलापाशी आलास, ओल्या कागदावर माझा हात पाहिलास, आणि बाबा सायकल लावून आत यायच्या आधी तो कागद शर्टाखाली घेऊन बाहेर पडलास. मग चार दिवसांनी 'मी फेकले' म्हणालास. तुला पहिल्यापासून माहीत होतं. मी इतकी वर्षं एक गुपित सांभाळत होते आणि तू ते काचेत घालून सांभाळत होतास. मी ते वाचत राहिले, बघत राहिले, आणि मला त्या खोलीत कोण आहे कोण नाही ते कळेना. आईच्या कामासमोर मी थक्क झाले होते ते खरं. पण असं माणूस माझ्या घरात सोळा वर्षांचं होतं आणि मी त्याला 'दादाला विचारा' म्हणून टाकून दिलं.

ग्रंथपालबाईंनी जवळ येऊन विचारलं, "हा डाग कसला? निघेल ना?"

मी म्हणाले, "डाग माझा आहे." आणि सगळं सांगितलं. मामा, बाई, ते मास्तर, सगळ्यांसमोर, पेटीपासून दारापर्यंत. मामांनी खुर्ची पुढे केली.

तुझी चिठ्ठी त्यानंतर दिसली, काचेच्या मागे चिकटवलेली. या वेळीही दोनच शब्द. 'धुऊ नकोस.'

नाही धुतला. काच उघडून त्यावर हात ठेवला. माझ्या आताच्या तळव्याखाली तो सगळा झाकला गेला.

आता क्षमा माग म्हटलंस तर मागते, दादा. त्या दिवसाची, आणि नंतरच्या प्रत्येक दिवसाची.

चोवीस चित्रं शिवून झाली आहेत. पंचविसाव्यापाशी मी थांबले. शेवटचा टाका आवळताना सगळे कागद कुणीतरी दोन्ही हातांनी दाबून धरायचे असतात, नाहीतर शिवण सैल पडते. आपल्या घरी ते काम तुझं होतं. बाईंडिंगमधलं एवढं एकच तू कुरकुर न करता करायचास. मामा धरायला तयार आहेत, ग्रंथपालबाईही. मी नको म्हणाले.

सुईत दोरा ओवून ठेवला आहे. पाणी पिऊन जा या वेळी.

तुझी,
बोटभर